विकिपीडियावर एडिट वॉर झालं की काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

विकिपीडियावर वाद झाला, दोघं एकमेकांचे बदल पुन्हा पुन्हा काढत बसले (हेच एडिट वॉर), की बहुतेक जण तीन गोष्टी करतात. आधी समोरच्याचं एडिट उलटवतात (रिव्हर्ट करतात, म्हणजे त्याचा बदल काढून जुना मजकूर परत आणतात), मग त्याच्या सदस्य चर्चा पानावर जाऊन त्याला सुनावतात, आणि तरी नाही ऐकलं तर प्रचालकाकडे (अॅडमिनकडे) जाऊन म्हणतात की याला ब्लॉक करा. ज्या लेखावरून सगळं चाललंय त्या लेखाचं चर्चा पान (प्रत्येक लेखाला जोडलेलं, मजकुरावर बोलायचं पान) मात्र कोरंच्या कोरं. मराठी विकिपीडियावर हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता लिहायलाच बसलो. दोन्ही माणसं चांगली असतात, दोघांच्या घरात पुस्तकं असतात, दोघांना विषयाची कळकळ असते, आणि महिन्याभरात त्यातला एक जण कायमचा सोडून जातो. आपल्याकडे रोज लिहिणारे आधीच मोजके आहेत हो, एक गेला की त्याने हातात घेतलेले लेख तसेच अर्धवट पडून राहतात. खाली सांगितलेलं काहीच अवघड नाही, लोकांचं चुकतं ते क्रमात.

उदाहरणासाठी शेवटपर्यंत शक्यतो एकच वाद धरतो, शिवाजी महाराजांची जन्मतारीख. सगळ्यांना माहीत असलेला आहे, दोन्ही बाजूंना कागद आहेत आणि भावनाही आहेत, त्यामुळे शिकायला चांगला.

## तयारी

लॉगइन करूनच बोला. लॉगआउट होऊन केलेलं एक एडिट आणि खात्यावरून केलेलं दुसरं, असं झालं की तुम्ही मुद्दाम दोन माणसं उभी केलीत असा संशय येतो, आणि तो एकदा आला की तुमचा मुद्दा कितीही बरोबर असू दे, कोणी ऐकत नाही.

लेख निरीक्षणसूचीत टाका, म्हणजे उत्तर आलं की कळेल. पुस्तक खरोखर हाताशी ठेवा, 'वाचलं होतं कुठेतरी' हे धरून वादात उतरू नका. लेखाच्या विषयाशी तुमचं पगाराचं किंवा नात्याचं काही असेल, म्हणजे लेख तुमच्या संस्थेवर आहे किंवा तुमच्या काकांवर आहे, तर ते पहिल्याच वाक्यात सांगून टाका. पैसे घेऊन एडिट करत असाल तर ते उघड करणं २०१४ पासून विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणाऱ्या फाउंडेशनच्या) वापर अटींमध्येच आहे.

सावधान: समोरचा माणूस खऱ्या आयुष्यात कोण, कुठे नोकरी करतो, कोणत्या जातीचा, हे शोधायला जाऊ नका, कळलं तरी लिहू नका. छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून २०२५ च्या फेब्रुवारीत प्रकरण पोलिसांच्या सायबर विभागापर्यंत गेलं होतं, ते आठवा. कोणाचं नाव उघड करणं म्हणजे त्या माणसाला खरंच अडचणीत टाकणं आहे.

## टप्पा १ : उलटवायचं थांबवा

तुम्ही बदल केला, त्याने उलटवला. आता पुन्हा उलटवू नका, इथूनच चर्चा सुरू करायची. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त रिव्हर्ट केले की ब्लॉक होऊ शकतो, आणि लोक त्याचा अर्थ 'तीन आपले हक्काचे' असा घेतात, तो साफ चुकीचा आहे. मी मराठीवर स्वतःला एकच रिव्हर्ट देतो, तोही बदलांच्या आढाव्यात (जतन करताना भरायच्या छोट्या चौकटीत) कारण लिहून.

इथे लोकांना त्रास कशाचा होतो ते मला माहितीय. चुकीची तारीख चार दिवस तशीच दिसत राहणार, आणि तेवढ्यात एखादं पोर ती शाळेच्या प्रोजेक्टमध्ये उतरवून नेणार. खरंय. पण एडिट वॉरमध्ये ती तारीख तासाला दोनदा बदलते, त्यात त्या पोराचं काही भलं होत नाही. चार दिवस सहन करा.

अपवाद तीनच आहेत: उघड नासधूस (शिव्या, लेख कोरा करणं), दुसरीकडून जसाच्या तसा उचललेला कॉपीराइटचा मजकूर, आणि हयात माणसाबद्दल संदर्भ नसलेला बदनामीकारक मजकूर. हे लगेच काढा. पण 'मला पटत नाही' याला नासधूस म्हणायचं नाही. समोरचा संदर्भ देतोय, मग तो संदर्भ हलका का असेना, ती नासधूस नव्हे, तो मतभेद आहे.

तपासा: शेवटच्या २४ तासांत या पानावर तुमचे किती रिव्हर्ट आहेत? एकापेक्षा जास्त असतील तर आज लेखाला हात लावू नका, फक्त चर्चा पानावर लिहा.

## टप्पा २ : इतिहास नीट वाचा

'इतिहास' टॅब उघडा आणि वाद सुरू होण्याआधीपासून एकेक फरक (त्या एडिटमध्ये नेमकं काय बदललं ते) बघा. किती मजकूर घटला-वाढला ते दाखवणाऱ्या नुसत्या त्या लाल-हिरव्या आकड्यांवर जाऊ नका.

माझंच सांगतो. एका किल्ल्याच्या लेखावर माझं आणि एका सदस्याचं वाजलं, किल्ला कोणत्या साली स्वराज्यात आला यावरून. रात्री ११:४२ ते १२:२०, अडतीस मिनिटांत नऊ एडिट. माझ्या शेवटच्या रिव्हर्टसमोर लाल रंगात उणे बाराशे आणि वर काही बाइट्स, आणि त्याच्या आढाव्यात एकच शब्द, 'का?'. मला वाटलं उर्मटपणा आहे. सकाळी चहा घेताना फरक उघडून बसलो तेव्हा दिसलं, की त्याने साल बदललं होतं ते एका ओळीत, बाकी सगळ्या एडिटमध्ये पायथ्याच्या दोन गावांची चुकलेली नावं दुरुस्त केली होती, पाण्याच्या टाक्यांवर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता, फोटोखाली ओळ घातली होती. आणि मी सालापायी नऊ एडिटच्या त्या खेचाखेचीत ते सगळं उडवत होतो. त्याचा 'का?' सालाबद्दल नव्हताच. मी टाक्यांचा परिच्छेद परत ठेवला, तसं त्याला कळवलं, आणि सालाचा वाद दोन निरोपांत मिटला.

म्हणून उलटवायचंच असेल तर पूर्ण एडिट उलटवू नका, वादाची ओळ तेवढी हाताने बदला आणि बाकीचं चांगलं काम तसंच राहू द्या.

इतिहासात अजून दोन गोष्टी बघा. हे वाक्य मुळात कधी आलं आणि कोणी आणलं, आणि यावर आधी चर्चा झालेली आहे का (जुन्या चर्चेचं अर्काइव्ह असेल तर तेही). पुष्कळदा पाच वर्षांपूर्वी एकमत झालेलं असतं आणि दोघांनाही पत्ता नसतो.

## टप्पा ३ : वाद नेमका कसला आहे ते ठरवा

हे न ठरवता बोलायला गेलं की चर्चा भरकटते. साधारण पाच प्रकार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

माहितीचा वाद. तारीख, आकडा, जन्मगाव. हा संदर्भांनी सुटतो.

नावाचा वाद. औरंगाबाद की छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद की धाराशिव. हा एका लेखात सुटत नाही, एकदाच संकेत ठरवावा लागतो, त्याबद्दल टप्पा ७ मध्ये.

सुराचा वाद. 'थोर', 'महान', 'तथाकथित', 'धर्मवेडा' अशी विशेषणं. आणि मराठीचा खास प्रश्न, 'तो गेला' की 'ते गेले'. एकाच लेखात एका राजाला आदरार्थी आणि त्याच्या शत्रूला एकेरी, यावरून भांडणं होतात आणि ती व्हायलाच हवीत, कारण आपल्या भाषेत बाजू घेणं क्रियापदातच दिसतं. यावर पुस्तकं शोधत बसू नका. विशेषण काढा, घटना ठेवा, आणि लेखभर एकच रीत ठेवा.

लेखनाचा वाद. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार. साहित्य महामंडळाचे नियम आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार मिळून अठरा, त्यातला नंबर सांगा आणि पुढे व्हा. यावर दोन निरोपांपेक्षा जास्त लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माणसाचा वाद. म्हणजे विषय कोणताही असो, हा माणूस तुमच्या मागे लेखोलेखी फिरतोय, शिवीगाळ करतोय. हा मजकुराच्या चर्चेत मिसळू नका, त्याची जागा टप्पा ८.

तपासा: वाद एका वाक्यात लिहून बघा, त्यात समोरच्याचं नाव न घेता. 'लेखात जन्मतारीख शके १५४९ ची द्यावी की १५५१ ची' असं जमलं तर पुढे जा. 'अमुक सदस्य मुद्दाम चुकीची माहिती टाकतो' असंच येत असेल तर अजून राग उतरलेला नाही.

## टप्पा ४ : संदर्भ गोळा करा, समोरच्याचेही

जन्मतारखेच्या वादात स्थिती अशी आहे. एक जुनी तारीख शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे ६ एप्रिल १६२७. दुसरी जेधे शकावलीतली (जेधे घराण्याकडच्या, घटना तारीखवार नोंदवलेल्या जुन्या कागदातली) शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, आणि महाराष्ट्र शासनाने हीच स्वीकारलेली आहे. त्यावर तिसरी भानगड, १९ फेब्रुवारी ही जुलियन कॅलेंडरची तारीख आहे, आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियनमध्ये ती १ मार्च १६३० येते. म्हणजे कोणी '१ मार्च' टाकली तर तो वेडा नाही, त्याने तारीख रूपांतरित केलेली आहे. हे न कळल्यामुळे लोक एकमेकांना खोटारडे म्हणताना मी बघितलेत.

संदर्भ देताना लेखक, पुस्तक, प्रकाशक, आवृत्ती, पान, एवढं द्याच. आवृत्ती सोडू नका, आवृत्ती बदलली की पान बदलतं आणि समोरच्याला तुमचं वाक्य सापडत नाही, मग तो म्हणतो खोटं बोलतोय.

काय चालत नाही: व्हॉट्सअॅपवर आलेलं, गडावरचा रंगवलेला फलक, आणि 'मी स्वतः पंचांग मांडून बघितलं'. शेवटचं वाईट वाटेल, मेहनत असते त्यात, पण विकिपीडियावर स्वतःचं संशोधन चालत नाही. ते कुठेतरी छापून येऊ द्या, मग दुसरा कोणी त्याचा संदर्भ देईल.

सावधान: वर्तमानपत्रातलं कात्रण सापडलं म्हणून लगेच आनंद नको. कात्रणाची तारीख बघा आणि ते वाक्य लेखात कधी आलं ती तारीख बघा. वाक्य आधीचं आणि बातमी नंतरची असेल आणि शब्दही तेच असतील, तर बातमीदाराने विकिपीडियावरूनच उचललंय, तो संदर्भ म्हणजे आपलीच सावली.

आणि हे जरूर करा, समोरच्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम संदर्भ कोणता तोही तुम्हीच शोधा. अर्ध्या वेळा इथेच वाद संपतो, कारण तुमचं स्वतःचं मत बदलतं.

## टप्पा ५ : चर्चा पानावर पहिला निरोप

सगळ्यात जास्त इथे बिघडतं. निरोप लेखाच्या चर्चा पानावर टाका, त्या माणसाच्या पानावर नाही. त्याच्या पानावर गेलात की ते दारात जाऊन भांडल्यासारखं होतं, आणि तिसऱ्याला काही दिसतही नाही. त्याच्या पानावर फक्त एक ओळ: 'लेखाच्या चर्चा पानावर लिहिलं आहे, बघाल का?'

निरोप साधारण असा:

> जन्मतारीख : शके १५४९ की १५५१
> नमस्कार. लेखात सध्या ६ एप्रिल १६२७ एवढी एकच तारीख आहे. मी काल ती बदलून १९ फेब्रुवारी १६३० केली, तुम्ही उलटवलीत. माझा आधार जेधे शकावली आहे, त्यात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया दिली आहे. तुमच्याकडे १५४९ साठी कोणता संदर्भ आहे तो पान क्रमांकासह इथे द्याल का? दोन्ही तारखा आधारासह द्याव्यात असं मला वाटतं, वाक्य कसं असावं ते आपण इथेच ठरवू. रविवारपर्यंत मी लेखात ही ओळ बदलणार नाही.

यात काय काय आहे बघा. शीर्षकात विषय आहे, माणूस नाही. काय झालं ते दोन वाक्यांत, तक्रार न करता. स्वतःचा आधार. एक सरळ प्रश्न, ज्याचं उत्तर देता येईल. आणि मुदत, स्वतःवर घातलेली. ही शेवटची ओळ फार काम करते, समोरच्याला कळतं की घाई नाही, आपण झोपलो तर सकाळी लेख बदललेला नसेल.

संबोधनाचं बघा. अनोळखी सदस्याला 'अरे', 'तू' कधीच नाही, समोरचा कॉलेजातला वाटला तरी नाही, कारण तो निवृत्त मास्तरही असू शकतो. दुसऱ्या टोकाला 'आपणांस सूचित करण्यात येते की' हेही नको, ती नोटीस वाटते. साधं 'तुम्ही' बरं. समोरचा 'आपण' म्हणत असेल तर तुम्हीही 'आपण' म्हणा.

आणि 'अभ्यास वाढवा' हे दोन शब्द लिहू नका, कधीच लिहू नका. मराठीत ऑनलाइन याच्याइतकं झोंबणारं दुसरं काही नाही, आणि त्यानंतर आलेला चांगला संदर्भही माणूस उघडून बघत नाही. 'हे तर कोणालाही माहीत आहे', 'तुमच्यासारख्या लोकांमुळे', 'अजेंडा' हेही त्याच गटातले.

तांत्रिक चूक एक नेहमीची: समोरच्या सदस्याचा उल्लेख केलात आणि सही (चार टिल्डे, म्हणजे ~~~~) विसरलात, मग दुसऱ्या एडिटमध्ये सही टाकलीत, तर त्याला सूचना जातच नाही. उल्लेख आणि सही एकाच एडिटमध्ये लागतात. चार दिवस तुम्ही 'उत्तर देत नाही' म्हणून चिडता आणि त्याला कळलेलंच नसतं.

तपासा: निरोप जतन करण्याआधी मोठ्याने वाचा. समोरासमोर बसून याच शब्दांत बोलला असतात का?

## टप्पा ६ : वाक्य धूळपाटीवर घडवा

उत्तर आलं की मतांवर जास्त वेळ घालवू नका, वाक्यावर या. लेखात काय छापायचं हा प्रश्न आहे, कोण बरोबर हा नाही. धूळपाटीवर (कच्चं लिहून बघायच्या पानावर) किंवा चर्चा पानावरच मसुदा मांडा:

> जेधे शकावलीनुसार शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया (१९ फेब्रुवारी १६३०, जुलियन) या दिवशी शिवनेरी किल्ल्यावर झाला. महाराष्ट्र शासनाने हीच तारीख स्वीकारली आहे. शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया (६ एप्रिल १६२७) अशीही एक तारीख सांगितली जाते.

दोन्ही तारखा आल्या, पण सारख्या वजनाने नाही, ज्यामागे आधार जास्त तिला पुढे जागा. तटस्थपणा म्हणजे अर्धं तुझं अर्धं माझं नव्हे. उलट कधीकधी दोन्ही बाजू पूर्ण खऱ्या असतात. कोल्हापुरी चपलेचं घ्या, 'महाराष्ट्राची' की 'कर्नाटकातही होते' यावर भांडायचं कारणच नाही, २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो दोन्ही राज्यांतल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. तेवढं एक वाक्य संदर्भासह लिहिलं की संपलं.

सावधान: मजकूर बदलला तरी माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूच्या तक्त्यात) जुनीच तारीख दिसत असेल तर ती विकिडेटावरून, म्हणजे सगळ्या भाषांच्या विकिपीडियांना माहिती पुरवणाऱ्या साठ्यातून, येत असू शकते. तिथे दोन्ही तारखा संदर्भासह ठेवता येतात, कॅलेंडर जुलियन की ग्रेगोरियन ते निवडता येतं, आणि कोणती अग्रक्रमाची ते ठरवता येतं. विकिडेटावरचा बदल सगळ्या भाषांत पसरतो, म्हणून इथे एकमत झाल्याशिवाय तिथे हात घालू नका.

## टप्पा ७ : तिसरा माणूस आणा

उत्तर आलंच नाही तर आठवडा थांबा, एकदा आठवण द्या, मग मसुदा लेखात टाका आणि आढाव्यात लिहा 'चर्चा पान पाहा'. उत्तर आलं पण दोघंही आपापल्या जागी ठाम असतील तर तिसरा माणूस लागतो.

इंग्रजी विकिपीडियावर यासाठी पायऱ्या आहेत: दोघांतच वाद असेल तर तिसरं मत मागायचं, नाहीतर सगळ्यांकडून मतं मागवायची, ती चर्चा साधारण ३० दिवस चालते. मराठीवर माणसंच कमी, आपली जागा म्हणजे चावडी, सगळ्या सदस्यांचं सामायिक चर्चेचं पान. तिथे दोन ओळी टाका, 'अमुक लेखात जन्मतारखेवर दोन मतं आहेत, चर्चा पानावर मत द्यावं.' तुमची बाजू कोणती ते तिथे लिहू नका. आणि चर्चा एकाच जागी ठेवा, चावडीवर अर्धी आणि चर्चा पानावर अर्धी झाली की कोणालाच वाचता येत नाही.

मित्रांच्या ग्रुपवर 'चला जरा मत द्यायला या' असं टाकू नका. एका रात्रीत पाच नवी खाती येऊन 'सहमत' लिहून गेली तर त्याला कोणी एकमत म्हणत नाही, उलट तुमची बाजू कायमची संशयास्पद होते. एकमत हे हात मोजून ठरत नाही, मुद्दे बघून ठरतं. एका माणसाचा पान क्रमांकासकट दिलेला आधार दहा 'सहमत'ना भारी.

नावांचे वाद थेट इथे आणा, पन्नास लेखांत पन्नास भांडणं करू नका. इंग्रजीवर पोलंडमधल्या एका शहराला ग्दान्स्क (पोलिश नाव) म्हणायचं की दांझिश (Danzig, जर्मन नाव) हे भांडण प्रचंड चाललं, शेवटी २००५ मध्ये काळानुसार ठरवलं, १३०८ ते १९४५ मधल्या संदर्भात दांझिश, बाकी ग्दान्स्क. आपल्याला तीच वाट सोयीची वाटते मला: आजच्या शहराला आजचं अधिकृत नाव, आणि तिथलं विद्यापीठ १९५८ साली स्थापन झालं ते 'औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे'. तुम्हाला दुसरी रीत योग्य वाटेल, हरकत नाही, पण जी काय ती चावडीवर एकदा ठरू द्या.

## टप्पा ८ : प्रचालकाकडे कधी आणि काय घेऊन जायचं

प्रचालक पान सुरक्षित करू शकतो (म्हणजे काही काळ संपादनाला बंद), सदस्याला ब्लॉक करू शकतो, मजकूर लपवू शकतो. कोणती तारीख बरोबर हे ठरवायचा अधिकार त्याला नाही, त्या बाबतीत तो तुमच्या-माझ्यासारखाच एक सदस्य. म्हणून 'निकाल द्या' म्हणून जाऊ नका. जायचं ते वागणुकीसाठी: चर्चा न करता सतत रिव्हर्ट, शिवीगाळ, पाठलाग, बनावट खाती.

घेऊन काय जायचं? तीन-चार फरकांच्या लिंक, प्रत्येकीसमोर अर्धी ओळ, आणि तुम्ही चर्चेचा प्रयत्न कुठे केलात ती लिंक. चार परिच्छेदांची कहाणी कोणी वाचत नाही, प्रचालकही नोकरी करून रात्री बसणारा स्वयंसेवकच आहे. तुमचंही काही चुकलं असेल तर तेही स्वतःच लिहा, तसंही इतिहासात दिसणारच.

पान सुरक्षित झालं की बहुतेक वेळा नको तेच व्हर्जन अडकतं. त्यावरून प्रचालकाशी भांडू नका, त्याने बाजू घेतलेली नाही, ज्या क्षणी पोचला त्या क्षणी जे होतं ते गोठवलं.

सावधान: कोणी धमकी दिली, पत्ता-फोन टाकला, तर उत्तर देऊ नका आणि चर्चा पानावर त्याचा गवगवाही करू नका, त्याने ती माहिती अजून पसरते. प्रचालकाला खासगीत ईमेल करा, गरज पडली तर मेटा-विकीवरच्या (सगळ्या विकींच्या सामायिक साइटवरच्या) स्टुअर्डकडे, म्हणजे सगळ्या विकींवर अधिकार असलेल्या स्वयंसेवकाकडे जा, जिवाला धोका असेल तर विकिमीडिया फाउंडेशनच्या इमर्जन्सी ईमेलवर आणि अर्थात पोलिसांत. आणि तुम्ही स्वतः 'कोर्टात खेचीन' असं लिहू नका, कायद्याची धमकी दिली की चर्चा तिथेच थांबते.

## टप्पा ९ : ठरलेलं लिहून ठेवा

एकमत झालं, वाक्य लेखात गेलं, की लोक निघून जातात. अजून पाच मिनिटं थांबा. चर्चेच्या वर दोन ओळी लिहा: काय ठरलं, कोणत्या संदर्भांवर, कोणत्या तारखेला. लेखात त्या ओळीपाशी एक लपलेली टिप्पणी ठेवा, फक्त संपादन करताना दिसेल अशी, 'बदलण्याआधी चर्चा पान पाहा'. समोरच्याने जे चांगलं काम केलंय त्याबद्दल त्याच्या पानावर एक ओळ लिहा, टाक्यांच्या परिच्छेदाबद्दल मी लिहिली होती, आणि नंतर त्या सदस्याने अजून तीन किल्ल्यांचे लेख वाढवले.

जन्मतारखेसारख्या लेखांना एक वेळापत्रक असतं तेही डोक्यात ठेवा. १९ फेब्रुवारीच्या आठवड्यात नवे लोक येतात, तिथीनुसार जयंती येते तेव्हा पुन्हा येतात, आणि दर वेळी कोणीतरी मनापासून तीच तारीख बदलतं. त्याला जुनं भांडण माहीत नसतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला चर्चा पान उघडून ती दोन ओळींची नोंद सगळ्यात वर आहे ना ते बघा, आणि नव्या माणसाचं एडिट उलटवावं लागलं तर आढाव्यात तिची लिंक द्या.